वकिली दप्तराच्या सर्व्हरला कुलूप : लक्स, एलव्हीएम आणि बूटशी झालेली मारामारी

शुक्रवार, १० मे २०२४, पुणे

साताऱ्याला वहिनींचं वकिलीचं ऑफिस आहे. तिथल्या फाइल सर्व्हरची हार्ड डिस्क एप्रिलमध्ये मेली. वॉरंटीत होती म्हणून दुकानदाराकडे दिली. दोन दिवसांनी वहिनींचा फोन आला, "भाऊजी, डिस्क बंद पडली म्हणजे आतलं सगळं गेलंच ना? की अजून कुणाला वाचता येईल?" खोटं कशाला बोलायचं? सर्किट जळलं असेल तर आतल्या तबकड्या शाबूत असतात, आणि त्यांच्यावर पक्षकारांची खरेदीखतं, आधारच्या प्रती, घटस्फोटाचे दावे जसेच्या तसे पडलेले असतात. फोनवर बराच वेळ कुणी बोललं नाही.

म्हणून हे काम. अटी दोनच. डिस्क काढून कुणी नेली तरी तिच्यातलं वाचता येऊ नये. आणि वीज जाऊन आली की मला पुण्याहून धावत न जाता वहिनींना किंवा त्यांच्या कारकुनाला सर्व्हर चालू करता यावा. पहिली अट एका दुपारी पुरी झाली. दुसरीला महिना लागला, आणि या नोंदी मुख्यतः तिच्याच आहेत.

मशीन जुनं आहे : कोअर २ ड्युओ, १ जीबी रॅम, जुन्या पद्धतीचं बायोस. टेबलाखाली पडून असतं, मॉनिटर नाही. त्यावर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) आणि सांबा (नेटवर्कवरच्या पीसींना फायली दाखवणारा प्रोग्राम) चालणार. नवीन २४० जीबीची एसएसडी सिस्टिमसाठी (१,७५० रुपये) आणि १ टीबीची हार्ड डिस्क कागदपत्रांसाठी (३,८०० रुपये). आज अक्षय्य तृतीया, त्यामुळे वहिनींच्या मते खरेदीला मुहूर्तही लागला.

रचना ठरवली : खाली लक्स (लिनक्समधलं डिस्क एनक्रिप्ट करणारं कुलूप), त्यावर एलव्हीएम (डिस्कची जागा हव्या तशा भागांत, म्हणजे व्हॉल्यूममध्ये, वाटायची सोय). म्हणजे अख्ख्या पार्टिशनला एकच कुलूप, आणि ते उघडलं की आत रूट (सिस्टिमची जागा), स्वॅप (रॅम अपुरी पडली की वापरायची जागा) आणि पुढे लागतील ती व्हॉल्यूम. उलटही करता येतं, आधी व्हॉल्यूम पाडून प्रत्येकाला वेगळं कुलूप. पण मग बूटच्या वेळी तेवढ्या किल्ल्या सांभाळाव्या लागतात, आणि स्वॅपला कुलूप लावायचं हमखास विसरतं. फक्त ‘बूट’चं, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या फायलींचं, छोटं पार्टिशन उघडं राहणार.

एक सूचना : कमांडी आणि फायलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर काय टंकायचं ते ज्याला हे काम करायचंय त्याला कळेल.

शनिवार, ११ मे, सातारा

डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये ‘एनक्रिप्टेड एलव्हीएम’चा तयार पर्याय आहे, तोच घेतला. पासवर्ड विचारायच्या आधीच त्याने एसएसडी यादृच्छिक डेटाने भरायला घेतली. मी चहा पीत बघत बसलो. पन्नास मिनिटं गेली. नंतर डोक्यात प्रकाश पडला की कोऱ्या एसएसडीवर याचा काही उपयोग नाही. हे भरण कशासाठी, तर डिस्क किती भरली आहे ते बाहेरून कळू नये यासाठी. पण हाच इन्स्टॉलर क्रिप्टटॅबमध्ये (कोणतं कुलूप कोणत्या नावाने उघडायचं त्या यादीत) ‘डिस्कार्ड’ लिहून ठेवतो, म्हणजे रिकामी जागा एसएसडीला आपणच सांगणार. खाली ‘कॅन्सल’ होतं, ते दाबायला हवं होतं. जुन्या, वापरलेल्या हार्ड डिस्कवर मात्र हे भरण जरूर करावं.

पुढचा प्रश्न : व्हॉल्यूम ग्रुपपैकी (एलव्हीएमच्या एकूण साठ्यापैकी) किती जागा वापरायची? सवयीने एंटर मारलं, म्हणजे सगळी. ही चूक दुसऱ्याच दिवशी महागात पडली.

पासवर्डवरून वहिनींशी वाद झाला. त्यांना तो मराठीत हवा होता, म्हणजे देवनागरीत. बूटच्या वेळच्या त्या काळ्या पडद्यावर देवनागरी टंकायची सोय नसते. शेवटी रोमन लिपीत सहा मराठी शब्द ठरले, एकमेकांशी संबंध नसलेले, सगळी छोटी अक्षरं. विशेष चिन्हं मुद्दाम टाळली, कारण कीबोर्डची मांडणी बूटच्या वेळी वेगळी निघाली तर ‘ॲट’चं चिन्ह भलत्याच कळेवर सापडतं. लांब पासवर्ड बरा, विचित्र नको.

पहिलं बूट. पासवर्ड विचारला, दिला, चार सेकंदांत आत. माझा चेहरा फुलला. इथेच थांबायला हवं होतं.

वेळ : चार तास, त्यातला एक फुकट.

रविवार, १२ मे, सातारा

बॅकअपसाठी स्नॅपशॉट (व्हॉल्यूमची त्या क्षणाची गोठवलेली प्रत) घ्यायचे तर व्हॉल्यूम ग्रुपमध्ये मोकळी जागा लागते, आणि काल ती मी शून्य ठेवली होती. ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम चालू असताना वाढवता येते, कमी करता येत नाही. म्हणजे पेनड्राइव्हवरून लाइव्ह डेबियन चालू करून, बाहेरून कुलूप उघडून रूट लहान करणं आलं. ‘एलव्हीरिड्यूस’ला ‘रीसाइझ-एफएस’चा पर्याय दिला, म्हणजे आधी फाइल सिस्टिम आणि मग व्हॉल्यूम योग्य क्रमाने आखडतं. हे दोन्ही हाताने वेगवेगळं करू नका. आकड्याचा हिशेब एकदा चुकला की डेटा कापला जातो. रूट ६० जीबी केलं, बाकी मोकळं. वीस मिनिटांत झालं.

मग माझ्यातला नीटनेटका माणूस जागा झाला. मशीनचं नाव ‘दप्तर’. इन्स्टॉलरने ग्रुपला नाव दिलं ‘दप्तर-व्हीजी’. एलव्हीएमच्या मॅपर फोल्डरमध्ये नावातली आडवी रेघ दुहेरी होऊन दिसते, म्हणून रूटचं नाव ‘दप्तर--व्हीजी-रूट’. ते डोळ्यांना खुपलं. पेनड्राइव्हवर होतोच, तर ‘व्हीजीरीनेम’ करून टाकलं. नुसतं ‘दप्तर’. छान दिसलं.

रीस्टार्ट. पासवर्ड मागितला, मी दिला, कुलूप उघडलं, आणि मग अर्धा मिनिट काहीच नाही. शेवटी संदेश आला की ‘दप्तर--व्हीजी-रूट’ नावाचं डिव्हाइस सापडत नाही, आणि इनिटरॅमएफएसची (बूटच्या सुरुवातीला चालणाऱ्या छोट्या तात्पुरत्या सिस्टिमची) ओकीबोकी शेल, म्हणजे नुसती कमांडी टंकायची जागा, समोर आली. बरोबरच आहे. जुनं नाव चार ठिकाणी लिहिलेलं होतं : एफएसटॅब (कोणती डिस्क कुठे जोडायची ती यादी), ग्रबची (बूट सुरू करणाऱ्या प्रोग्रामची) बूट ओळ, हायबरनेटसाठीची ‘रिझ्यूम’ फाइल आणि इनिटरॅमएफएसच्या आतली तिची प्रत. मी बदललं होतं फक्त खरं नाव.

पुन्हा पेनड्राइव्ह. कुलूप उघडून रूट माउंट केलं (जोडून घेतलं), डेव्ह, प्रॉक, सिस आणि बूट आत जोडून क्रूट केलं (म्हणजे डिस्कवरच्या सिस्टिमच्या आत शिरलो), चारही नावं दुरुस्त केली, ‘अपडेट-ग्रब’ आणि ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’ चालवलं. एक इशारा झरकन वर सरकून गेला. वाचला नाही.

रीस्टार्ट. आता पासवर्डसुद्धा विचारेना! थेट शेल. मघाशी निदान कुलूप तरी उघडत होतं.

दीड तास यात गेला. कारण असं : पेनड्राइव्हवर कुलूप उघडताना उघडलेल्या डिस्कला काहीतरी नाव द्यावं लागतं. घाईत मी ‘सीआर’ दिलं. क्रिप्टटॅबमध्ये तिचं नाव ‘एसडीए५_क्रिप्ट’. इनिटरॅमएफएस बांधणारी स्क्रिप्ट बघते की रूट सध्या कुठल्या उघडलेल्या डिस्कवर आहे आणि तेच नाव क्रिप्टटॅबमध्ये शोधते. ‘सीआर’ तिथे नव्हतं. तिने इशारा दिला (तो सरकून गेलेला) आणि कुलपाची माहिती न घालताच इनिटरॅमएफएस बांधून टाकलं. त्यामुळे बूटला पत्ताच नाही की काही उघडायचं आहे.

तिसऱ्यांदा पेनड्राइव्ह. या वेळी क्रिप्टटॅबमधल्या नावानेच उघडलं. बाकी सगळं तेच. चाललं.

लाइव्ह पेनड्राइव्हवरून कुलूप उघडताना क्रिप्टटॅबमधलं नाव अक्षर न अक्षर तसंच द्यायचं, हे कागदावर लिहून मशीनच्या झाकणाला आतून चिकटवलं आहे. आणि ग्रुपचं नाव बदलायची हौस असेल तर ती इन्स्टॉल करतानाच भागवा.

वेळ : साडेपाच तास. स्वारगेटला उतरेपर्यंत रात्रीचे पावणेअकरा.

शनिवार, १८ मे, पुणे

आता १ टीबीची कागदपत्रांची डिस्क. जुना बॅकअप माझ्याकडे पुण्यात होता, त्यामुळे डिस्क घरीच लॅपटॉपला जोडून तयार करायची आणि भरून साताऱ्याला न्यायची, असा बेत. बेत शहाणपणाचा वाटला. तसा तो नव्हता, ते पुढे येईलच.

आधी ठरवायचं होतं की ही डिस्क एसएसडीच्याच व्हॉल्यूम ग्रुपमध्ये घालायची का. एलव्हीएममध्ये ते सहज होतं आणि दिसायला एकच मोठी जागा दिसते. मी नाही केलं. एकाच ग्रुपमध्ये दोन डिस्क घातल्या आणि हार्ड डिस्क गेली, तर धडधाकट एसएसडीवरचा ग्रुपही अर्धवट म्हणून कुरकुरतो, बूट अडू शकतं. शिवाय बूटच्या वेळी दोन कुलपं उघडावी लागली असती. म्हणून वेगळं लक्स, वेगळा ग्रुप.

ही डिस्क पासवर्ड न विचारता उघडावी म्हणून की फाइल केली : ४,०९६ बाइट यादृच्छिक, फक्त रूट खात्याला (सगळे अधिकार असलेल्या) वाचता येणारी, एसएसडीच्या कुलूपबंद रूटवर ठेवलेली. पहिलं कुलूप माणूस उघडतो, दुसऱ्याची किल्ली पहिल्याच्या आत. ती फाइल उघड्या ‘बूट’ पार्टिशनवर ठेवली तर मात्र किल्ली दारालाच लटकवल्यासारखं होईल.

जोडीला एक माणसाने टंकायचा पासवर्डही हवा, एसएसडी मेली तर उपयोगी पडेल असा. लक्स२ (लक्सची नवी आवृत्ती) मध्ये किल्ल्यांसाठी ३२ खाचे असतात, जागेची चिंता नाही. मी पासवर्ड ‘एको’ कमांडने एका फाइलीत लिहिला आणि ती फाइल नवीन किल्ली म्हणून दिली. मग हाताने टंकून बघितला, तर चुकीचा! तीनदा. ‘एको’ शेवटी नवी ओळ जोडतं, आणि फाइलीतून किल्ली वाचताना क्रिप्टसेटअप (लक्सची कुलपं हाताळणारी कमांड) ती नवी ओळही किल्लीचाच भाग मानतं. हाताने टंकताना एंटर किल्लीत जात नाही. तो खाचा पुसला, पासवर्ड थेट टंकून घातला. वीस मिनिटांचं काम, पण हे आज कळलं म्हणून वाचलो. दोन वर्षांनी एसएसडी मेल्यावर कळलं असतं तर?

‘क्रिप्टसेटअप बेंचमार्क’ दोन्हीकडे चालवून पाहिलं होतं. लॅपटॉपवर एईएस-एक्सटीएस (लक्सची नेहमीची एनक्रिप्शन पद्धत) सेकंदाला दोन हजार एमबीच्या वर, साताऱ्याच्या मशीनवर जेमतेम ११८. कोअर २ ड्युओत एईएसच्या खास सूचना नाहीत, सगळं गणित साध्या प्रोसेसरने करायचं. अशा मशीनसाठी ‘ॲडिअँटम’ नावाची हलकी पद्धत कर्नलमध्ये आहे, तिचा विचार केला आणि सोडला. ऑफिसातला स्विच १०० मेगाबिटचा, म्हणजे तारेतूनच सेकंदाला अकरा-बारा एमबीच्या वर काही जात नाही. कुलपामुळे काही हळू झालेलं तिथे कुणाला कळणार नाही.

वेळ : तीन तास, आणि रात्रभर कॉपी.

रविवार, २६ मे, सातारा

आजचा दिवस वाईट गेला.

डिस्क बसवली, क्रिप्टटॅब आणि एफएसटॅबमध्ये एकेक ओळ घातली, रीस्टार्ट केलं. पासवर्ड दिला. पडद्यावर दीड मिनिटाची उलटी मोजणी लागली, ती संपली आणि सिस्टिम ‘इमर्जन्सी’मध्ये गेली. आणीबाणीत निदान हात घालायला शेल तरी मिळावी ना? उत्तर आलं : रूट खातं बंद आहे, कन्सोल देता येत नाही, एंटर दाबा. एंटर दाबलं की तेच पुन्हा. इन्स्टॉल करताना रूटचा पासवर्ड रिकामा सोडला की डेबियन ते खातं बंद ठेवतं आणि सुडो (आपल्याच पासवर्डने रूटचे अधिकार) देतं. रोजच्या कामाला उत्तम, या घडीला नाही.

सुटका : ग्रबच्या यादीवर ‘ई’ दाबून कर्नलच्या ओळीच्या शेवटी ‘इनिट’ म्हणून थेट बॅश दिलं. कुलपाचा पासवर्ड तरीही विचारला जातो, त्यामुळे ही काही चोरवाट नाही. रूट लिहिण्याजोगं पुन्हा माउंट केलं आणि क्रिप्टटॅब व एफएसटॅब दोन्हींमध्ये त्या डिस्कच्या ओळीत ‘नोफेल’ (म्हणजे ही डिस्क नसली तरी बूट अडवू नकोस) घातलं. एकाच ठिकाणी घालून भागत नाही. सिंक करून सक्तीने रीबूट.

मशीन वर आलं, डिस्क मात्र बंदच. पहिलं कारण लगेच सापडलं : क्रिप्टटॅबमध्ये मी चुकीचा यूयूआयडी (डिस्कचा ओळख क्रमांक) टाकला होता. ‘बीएलकेआयडी’च्या यादीत डिस्कच्या दोन ओळी होत्या, एक बाहेरच्या लक्सची, एक आतल्या एलव्हीएमची. मी आतली उचलली. कुलपाच्या आतला पत्ता कुलूप उघडल्याशिवाय दिसत नाही, मग त्यावरून कुलूप कसं सापडणार? बाहेरची, ‘क्रिप्टो_लक्स’ लिहिलेली ओळ घ्यायची.

दुरुस्त करून पुन्हा रीस्टार्ट. तरी बंद. हाताने उघडून पाहिलं तर एकच शब्द : ‘किल्ड’. कर्नलच्या नोंदीत लिहिलेलं की मेमरी संपली म्हणून क्रिप्टसेटअपला मारलं.

इथे मला खुर्चीत बसावं लागलं. लक्स२ पासवर्डपासून किल्ली काढायला आर्गॉन२ वापरतं, आणि ते मुद्दाम भरपूर मेमरी खातं, म्हणजे चोराला लाखो पासवर्ड झपाट्याने तपासता येऊ नयेत. किती मेमरी, हे कुलूप ज्या मशीनवर बनवलं तिथल्या रॅमवरून ठरतं : जास्तीत जास्त १ जीबी, आणि उपलब्ध रॅमच्या निम्म्याच्या वर नाही. एसएसडीचं कुलूप याच मशीनवर बनलं, म्हणून त्याला अर्ध्या जीबीच्या आत भागतं. हार्ड डिस्कचं कुलूप माझ्या १६ जीबीच्या लॅपटॉपवर बनलं. ‘लक्सडंप’ केल्यावर दिसलं : मेमरी १०४८५७६, म्हणजे पूर्ण १ जीबी, दोन्ही खाच्यांना. मशीनची एकूण रॅमच १ जीबी.

आणि हे या मशीनवर दुरुस्तही करता येत नाही, कारण खाचा बदलायला आधी तो उघडावा लागतो. डिस्क पुन्हा लॅपटॉपला जोडायला हवी, आणि साटा-यूएसबी अडॅप्टर पुण्यात टेबलावर राहिलेला. रविवार असून पोवई नाक्याकडे एक दुकान उघडं मिळालं, ६५० रुपये गेले. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या विसरभोळेपणाचं बिल ऑफिसवर नको हं." नोंद घेतली.

‘लक्सकन्व्हर्टकी’ने दोन्ही खाचे बदलले. पासवर्डच्या खाच्याला आर्गॉन२च ठेवलं, मेमरी २६२१४४, म्हणजे २५६ एमबी. की फाइलच्या खाच्याला मात्र साधं, मेमरी न खाणारं पीबीकेडीएफ२, तेही किमान १,००० फेऱ्यांचं. माणसाचा पासवर्ड अंदाजाने ओळखता येतो म्हणून ही सगळी मेहनत असते. ४,०९६ यादृच्छिक बाइट कुणाला ओळखता येणार? डिस्क काढण्याआधी ‘टेस्ट-पासफ्रेज’च्या पर्यायाने दोन्ही किल्ल्या लागतात का ते तपासलं. परत बसवली, रीस्टार्ट, डिस्क चटकन उघडली.

ज्या मशीनवर डिस्क उघडायची, कुलूप त्याच मशीनवर बनवा. किंवा निदान मेमरीचा आकडा स्वतः द्या.

वेळ : सात तास. जेवण चार वाजता.

बुधवार, ५ जून, पुणे, फोनवरून

कारकुनाचा फोन. "दादा, सगळ्या फायली गेल्या. पण सकाळी स्कॅन केलेल्या आहेत." पोटात गोळा आला.

गेलं काहीच नव्हतं. साफसफाईत मशीनला धक्का लागून हार्ड डिस्कची केबल सैल झाली होती. ‘नोफेल’मुळे सर्व्हर डिस्कशिवायही गुमान सुरू झाला, आणि सांबाने माउंटसाठीचं रिकामं फोल्डरच सगळ्यांना दाखवलं. पोराने त्यातच अकरा दस्तऐवज स्कॅन करून टाकले, म्हणजे ते एसएसडीवर गेले. केबल बसवून डिस्क परत जोडली असती तर ते अकरा तिच्याखाली झाकले गेले असते, आणि मग खरंच ‘गायब’ झाले असते. म्हणून आधी ते बाजूला काढायला लावले, मग केबल.

‘नोफेल’ घालताना त्याचा दुसरा पदर मी पाहिलाच नव्हता. दोन उपाय केले. डिस्क जोडलेली नसताना रिकाम्या फोल्डरला ‘चॅटर’ कमांडने न बदलण्याचा शिक्का मारला, त्यामुळे डिस्क नसेल तर तिथे काही लिहिताच येत नाही, चूक लगेच ओरडते. आणि सिस्टिमडीत (सगळ्या सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रामात) सांबाला अट घातली की हा माउंट नसेल तर सुरूच होऊ नकोस. शेअर दिसलाच नाही की माणूस फोन करतो. रिकामा दिसला की माणूस काम करत बसतो.

शनिवार, ८ जून, सातारा

पाऊस आला, वीज जायला लागली. यूपीएसची बॅटरी पाच मिनिटंही धरत नव्हती, नवीन टाकली (१,१५० रुपये). तरी तास-दीड तास वीज गेली की सर्व्हर बंद होतोच, आणि मग टेबलाखाली वाकून मॉनिटर जोडा, कीबोर्ड जोडा, पासवर्ड टंका. गुरुवारी कारकुनाने तीनदा टंकला, तीनदा चुकला. पासवर्डात दोन आकडे होते (मीच नंतर घातलेले, शहाणपण म्हणून), ते तो उजवीकडच्या आकड्यांच्या पॅडवर टंकत होता. त्या मशीनवर बूटच्या वेळी नमलॉक बंद असतं. पडद्यावर काहीच उमटत नसल्याने कळायला मार्ग नाही. आकडे काढून टाकले.

खरा उपाय : ‘ड्रॉपबेअर-इनिटरॅमएफएस’. म्हणजे कुलूप उघडायच्या आधीच, इनिटरॅमएफएसमध्येच, एक छोटा एसएसएच (दुसऱ्या पीसीवरून कमांडी द्यायची सोय) सर्व्हर चालू होतो. वहिनींनी आपल्या पीसीवरून जोडायचं, ‘क्रिप्टरूट-अनलॉक’ चालवायचं, पासवर्ड द्यायचा. मॉनिटर नको, वाकायला नको.

अडलं दोन ठिकाणी. जुन्या नोंदी पाहून वहिनींच्या पीसीची सार्वजनिक किल्ली मी जुन्या फोल्डरमध्ये ठेवली. डेबियन १२ मध्ये जागा बदलली आहे, आता ती ‘ईटीसी’मधल्या ‘ड्रॉपबेअर’च्या आतल्या ‘इनिटरॅमएफएस’ फोल्डरात लागते. इनिटरॅमएफएस बांधताना ‘ऑथोराइज्ड कीज’ फाइल वैध नाही असा इशारा आला. १२ मेपासून मी इशारे वाचतो. दुसरं : ड्रॉपबेअरची ओळख वेगळी आणि चालू सर्व्हरच्या एसएसएचची वेगळी, पत्ता मात्र एकच, त्यामुळे वहिनींच्या पीसीने ‘कुणीतरी मध्ये घुसलंय’ अशी भयंकर लाल सूचना दिली. ड्रॉपबेअरला २२२२ हे वेगळं पोर्ट दिलं, तंटा मिटला. मशीनचा आयपी पत्ताही इनिटरॅमएफएसच्या सेटिंगमध्ये कायमचा लिहून टाकला. राउटर दर वेळी नवीन पत्ता देत बसला तर वहिनी कुठे शोधत बसणार?

यातली मर्यादाही सांगून ठेवतो. ‘बूट’ पार्टिशन उघडं आहे, ड्रॉपबेअरची खाजगी ओळखही तिथेच. कुणी ऑफिसात घुसून, ‘बूट’मध्ये फेरफार करून, पासवर्ड टंकला जायची वाट बघत बसला तर हे कुलूप त्याला थांबवत नाही. आमची भीती चोरीची आणि वॉरंटीत परत जाणाऱ्या डिस्कची आहे, तिला हे पुरतं.

राउटरच्या बाहेरून हे दार उघडं केलेलं नाही. मला पुण्याहून उघडता आलं असतं, मोह झाला होता.

रविवार, ९ जून, सातारा

हेडरचा बॅकअप. लक्सची खरी किल्ली डिस्कच्या सुरुवातीच्या हेडरमध्ये असते. तेवढे १६ एमबी खराब झाले तर पासवर्ड पाठ असूनही काही उपयोग नाही. दोन्ही डिस्कचे हेडर ‘लक्सहेडरबॅकअप’ने काढून एका पेनड्राइव्हवर घेतले. परत भरता येतात का ते आधी एका जुन्या पेनड्राइव्हवर करून पाहिलं : लक्स बनवलं, एक फाइल टाकली, सुरुवातीचा भाग शून्यांनी पुसला, उघडेना, हेडर परत भरला, उघडलं.

एक गोष्ट वहिनींना दोनदा समजावली. पासवर्ड बदलला तरी जुन्या हेडर बॅकअपला जुनाच पासवर्ड चालतो, आणि त्यातून आजची डिस्क उघडते. म्हणून पासवर्ड बदलला की नवीन बॅकअप घ्यायचा आणि जुना नष्ट करायचा. त्यांना हे लगेच पटलं, "म्हणजे जुनं मृत्युपत्र फाडून टाकायचं." पेनड्राइव्ह बँकेच्या लॉकरात ठेवला, पासवर्ड वेगळ्या बंद पाकिटात, दुसरीकडे.

मग परीक्षा. मी बाहेर पायरीवर बसलो, वहिनींनी मेन स्विच बंद करून चालू केला. आतून कारकुनाचा आवाज, मग वहिनींचा, मग बराच वेळ काही नाही. नऊ मिनिटांनी बोलावलं. कुलूप उघडलं होतं. नऊपैकी सहा मिनिटं ड्रॉपबेअर वर यायच्या आधीच जोडायचा प्रयत्न करण्यात गेली होती. कागदावर एक ओळ वाढवली : दिवा लागल्यावर पूर्ण एक मिनिट थांबा.

शनिवार, २९ जून, पुणे

तीन आठवड्यांत वीज सात वेळा गेली. सातही वेळा त्यांनीच उघडलं, मला फोन नाही. एकदा कर्नल अपडेट झाला, त्यानंतरचं बूटही सरळ गेलं. पण ‘बूट’ पार्टिशन इन्स्टॉलरने जेमतेम ४८७ एमबीचं केलं आहे, त्यात तीन कर्नल बसणं कठीण. जुने वेळच्या वेळी काढायला हवेत.

खर्च एकूण ७,३५० रुपये, त्यातले ६५० माझे. वेळ प्रवास सोडून अंदाजे अठ्ठावीस तास, त्यातले जवळपास निम्मे १२ आणि २६ मे या दोन दिवसांचे.

स्नॅपशॉटवरून बॅकअप घ्यायची स्क्रिप्ट लिहून झाली आहे, पण तिच्यातून परत भरून अजून पाहिलेलं नाही. काल वॉरंटीतली बदली डिस्क दुकानदाराकडून आली, ती बॅकअपलाच लावणार. वहिनींनी खोकं न फोडता पुण्याला पाठवायचं म्हटलं होतं, मी नको म्हणालो. तिचं कुलूप साताऱ्यातच, त्याच मशीनवर बनेल.